बहादरपुरच्या गोदामाचे रेकॉर्डिंग उडाले नसल्याबाबत

नाव: सौ. तृप्ती सागर वारके. वय: ३९ वर्षे. धंदा: कॉम्प्युटर दुरुस्तीचे स्वतःचे दुकान. राहणार: शनवारा, बुऱ्हाणपूर. तारीख: १४ नोव्हेंबर २०२५.

मी वरील पत्त्यावर नवरा व मुलीसह राहते. आज मला कोणी बोलावलेले नाही, स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते. जबाब मराठीत लिहून घ्यावा अशी विनंती केली, कारण रागात मला हिंदी सुचत नाही. मुन्शीजींना मराठी येते म्हणून त्यांनी लिहून घेतला.

बहादरपुरला केळी पिकवायचे गोदाम आहे, त्याचा मालक निरंजन लीलाधर झांबरे हा माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही दोघेच भावंडे. त्याच्याकडे कडू उखर्डू तायडे हा हमालीला होता. २८ ऑक्टोबरला, मंगळवारी, कडूच्या पायाचा चेंदा झाला व पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गोदामाचे लोखंडी शटर पायावर पडले असे त्याची बायको गोदाबाई हिचे म्हणणे आहे. त्या दिवशी कडू कामावर आलाच नाही, रस्त्यात गाडीखाली आला, असे निरंजनचे म्हणणे आहे. गोदामात कॅमेरे आहेत, पण त्या दिवसाचे रेकॉर्डिंग बहिणीने नवी सिस्टिम टाकली तेव्हा तिच्या हातून उडाले, असे त्याने याच ठाण्यात लिहून दिले आहे.

माझे म्हणणे असे की, रेकॉर्डिंग उडालेले नाही. माझ्या हातून तर नाहीच नाही.

ते कॅमेरे आणि कॉम्प्युटर मीच बसवले. आत तीन डिस्क आहेत. छोटीवर लिनक्सची सिस्टिम, आणि दोन मोठ्यांवर रेकॉर्डिंग. या दोन मोठ्या एकमेकींची नक्कल ठेवतात. एकीवर जे लिहिले जाते ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक जळाली तरी माल शाबूत. आमच्या धंद्यात याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. गिऱ्हाइकाला मी जोडी म्हणून सांगते. निरंजनलाही तेव्हा समजावले होते, पण तो तेव्हा फोनवर केळीचा भाव विचारत होता.

३१ ऑक्टोबरला सकाळी त्याचा फोन आला. त्याचे शब्द असे: "तृप्ती, तो डब्बा लय हँग होऊन राहिला. फॉर्मॅट मारून दे. एकदम सगळं साफ पाहिजे मले." मी म्हटले, "दुपारी येते." कडूचा अपघात झाल्याचे मला तेव्हा माहीत नव्हते. आठच दिवसांपूर्वी भाऊबीजेला मी त्याला ओवाळले होते, तेव्हा त्याच्या मनात काही असेल अशी शंका येण्याचे कारण नव्हते.

आपल्या गावात 'फॉर्मॅट मार' म्हटले की लोकांना वाटते, घर धुतल्यासारखे सगळे वाहून जाते. तसे करणारे मेकॅनिक आहेत, त्यांची नावे मला विचारू नयेत. मी काम करते ते असे. आधी जोडीच्या दोन्ही डिस्कच्या वायरी काढून ठेवते. मग फक्त छोटी डिस्क पुसून तिच्यावर नवी सिस्टिम टाकते. ती नीट चालली की डबा बंद करून जोडी परत लावते. आपण जोडीतल्या आहोत ही खूण त्या डिस्कवरच लिहिलेली असते, सिस्टिमवर नाही. त्यामुळे सिस्टिम नवी आली तरी ती जुन्या जोडीला ओळखते. तेव्हा फक्त 'आहे तीच जोडी चालव' असे सांगायचे. घाईत कोणी 'नवी जोडी बनव' सांगितले तर मात्र जुने गेले समजा. वायरी काढल्या असल्या की घाई केली तरी नुकसान होत नाही. अकरा वर्षांत मी कोणाचा एक फोटोही घालवलेला नाही, आणि माझ्या भावाने ठाण्यात लिहून दिले की बहिणीने उडवले. याचा मला राग आला आहे आणि तो जबाबात लिहावा.

त्या दिवशीही मी तसेच केले. जोडी चालू केली, नवे रेकॉर्डिंग तिच्यावरच सुरू केले. जुन्या दिवसांची यादी स्क्रीनवर दिसायला थोडे जास्तीचे काम असते, ते दुसऱ्या दिवशी करणार होते. निरंजनने रिकामी यादी पाहिली आणि विचारले, "साफ झालं ना?" मी म्हटले, "सिस्टिम नवीकोरी आहे." तो म्हणाला, "बस. आता उद्या यायची गरज नाही." एरवी तो मला चहा घेतल्याशिवाय सोडत नाही.

१२ तारखेला गोदाबाई माझ्या दुकानी आली. ती भांडायला आली नव्हती. बाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, यायचा पाय तं गेला. आता हे कामावर होते हेबी उडालं म्हनतेत तुमचे भाऊ. तुमच्या हातून उडालं का खरंच?" मी म्हटले, "काय उडालं?" तिने सगळे सांगितले. मी तिला पाणी दिले.

डिस्क भरली की जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसून त्यावर नवे लिहिले जाते. महिनाभराचेच राहते. थांबले असते तर २८ तारीख खरोखर गेली असती आणि निरंजनचा शब्द खरा ठरला असता. म्हणून काल मी गोदामात गेले. निरंजन रावेरला गेला होता. माझी वहिनी कमल हजर होती. मी कॉम्प्युटर बंद केला, जोडीतली एक डिस्क काढली आणि उरलेल्या डिस्कवर तो पुन्हा चालू करून दिला. वहिनीने विचारले, "काय नेऊन राहिली?" मी म्हटले, "मंगळवार." तिने माझ्याकडे पाहिले. पिशवी तिनेच दिली. मी निघाले तेव्हा ती पाठ करून उभी होती.

तीच डिस्क आज पिशवीसह जमा करत आहे. ओळख म्हणून सांगते की, तिच्यावर हळदीकुंकवाचे बोट आहे. दसऱ्याला वहिनी वजनकाट्याची, क्रेटची पूजा करते तशी डब्याचे झाकण उघडून डिस्कचीही करते. जोडीची दुसरी डिस्क तिथेच आहे, तिच्यावरही असेच बोट सापडेल. ती आजच ताब्यात घ्यावी. तिच्यावर अजून रेकॉर्डिंग चालू आहे.

घरी मी डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडली, तिच्यावर काही लिहिले नाही. २८ तारखेचे पाहिले. त्यात दिसते ते असे. शटर अर्ध्यावर अडकलेले आहे आणि दोराने वर बांधलेले आहे. कडू डोक्यावर केळीचे क्रेट घेऊन बाहेर थांबलेला आहे, शटरकडे बघत आहे. सदर इसम त्याला हाताने आत ये, आत ये असे करतो. कडू वाकून आत येतो. दोर तुटतो.

पुढचेही बघावे, तिथे बंद करू नये. सदर इसम धावत येतो, शटरखाली खांदा घालतो आणि एकटा ते उचलून धरतो. आवाज येत नाही, पण तोंड उघडे दिसते. इतर हमाल कडूला ओढून काढेपर्यंत तो शटर सोडत नाही. नंतर कडूला स्वतः दोन्ही हातांवर उचलून पिकअपमध्ये ठेवतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आणि रडले. रेकॉर्डिंग उडाले असते तर त्याच्याबरोबर हेही उडाले असते, एवढे त्याला कळले नाही.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. निरंजनशी माझे शेताचे किंवा पैशाचे भांडण नाही. घरी गेल्यावर काय होईल ते मला माहीत आहे.

मुन्शीजींनी जबाब मोठ्याने वाचला, मी शब्दन् शब्द ऐकला, मी सांगितले तसाच आहे. एक दुरुस्ती आहे. मी 'दादा' म्हणत होते तिथे त्यांनी दोनदा 'सदर इसम' लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी 'माझा भाऊ निरंजन' असे वाचावे. आत ये म्हणणाराही तोच आहे आणि खांदा देणाराही तोच आहे. दुरुस्तीखाली वेगळी सही केली आहे.

तृप्ती सागर वारके