मानकोलीची माती

साल दोन हजार चार असावं — की तीन? टाकी किती जुनी ते तुम्ही विचारलंत म्हणून आठवतोय — चारच असणार, कारण मी रिटायर झालो त्याच वर्षी आणली — पण रिटायर तर मी तीनच्या मे महिन्यात झालो. म्हणजे बघा. पस्तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पीएचडी केली, आणि घरातली वस्तू कधी आली ते धड सांगता येत नाही. पाच वर्षं धरा. गळत नाही — काल दिवसभर भरून ठेवली होती, खाली वर्तमानपत्र घालून. कागद कोरडा होता. दोनदा बघितला. तरी तुम्ही घरी नेऊन एकदा भरून बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

बसा ना. रिक्षावाला थांबेल खाली. कामतघरला राहता म्हणालात — पॉवरलूमच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून? मग टाकीखाली थर्माकोलचे दोन थर घाला, एक पुरायचा नाही. लूम चालू असले की पाणी थरथरतं, आपल्याला दिसत नाही पण माशांना कळत असेल — असं मला वाटतं, खात्रीने नाही सांगत. आणि लोडशेडिंगमध्ये हवेचा पंप बंद पडतो, म्हणून मासे कमी, झाडं जास्त. मुलीचं नाव काय म्हणालात? उन्नती. तिला आधीच सांगून ठेवा, पहिला महिना नुसती झाडं आणि पाणी, मासे नाहीत. रडली तरी नाहीत. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडतो, मग भरायचं आणि वाट बघायची. पाण्यात जंतू तयार व्हावे लागतात — चांगले जंतू, माशांची घाण पचवणारे. त्याआधी मासे टाकले की चार दिवसांत उलटे तरंगतात. दादा त्याला कच्चं पाणी म्हणायचे. दादा म्हणजे माझे मोठे भाऊ, बाळाराम. चौथीच्या पुढे गेले नाहीत. शेतावर मासे सोडायचा हौद होता, नवीन भरला की त्यात बोटं बुडवायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "कच्चं हाय रं अजून." माझ्याकडे तपासायची बाटली होती, कुर्ल्याहून आणलेली, थेंब टाकायचा आणि रंग बघायचा — आणि दरवेळी, खरं सांगतो, दरवेळी दादांचंच बरोबर निघायचं.

ते निळे खडे? — नको. ते नका नेऊ. दिसतात छान, पण झाडांना त्यात काही मिळत नाही. मी तीनदा झाडं आणली, ते लांब रिबिनीसारखं गवत असतं ते, पंधरा दिवसांत पानं पारदर्शक व्हायची आणि हात लावला की विरघळायची. शेवटी ही प्लास्टिकची लावली. ही पण नका नेऊ. तळाला माती घाला, साधी माती, दोन बोटं जाडीची, आणि वर धुतलेली वाळू, तीही दोन बोटं. त्यावर बशी ठेवायची आणि बशीवर हळूहळू पाणी सोडायचं, म्हणजे गढूळ होत नाही. तुम्ही मूळचे अंबाडीकडचे ना? शेत आहे? भाताचं? मग झालं, त्यातलीच आणा, फक्त नुकतंच खत मारलेलं नको. हसताय कशाला? नाही, हसा, मीही हसलो होतो.

दादांना, म्हणजे — दादांसाठीच आणली होती ही टाकी. आमचं मानकोलीचं शेत गोडाऊनवाल्यांना दिलं तेव्हा. आता तिकडे सगळी गोडाऊनंच आहेत, तुम्ही बघितलीच असतील. दादांचा मुलगा धनेश, त्याने व्यवहार केला, आणि चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही, सही माझीही आहे. बंगला बांधला, छान बांधला. आणि दादा त्या बंगल्यात सोफ्यावर बसून राहिले. आजारी नव्हते. जेवायचे, आंघोळ करायचे. बोलायचे नाहीत, एवढंच. आठ महिने. आमची ठमावहिनी माझ्याकडे आली, म्हणाली, "भावजी, तुमी येवरं शिकलाव, या मानसाला बोलतं करायचं शिकलाव का न्हाय?" मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, मासे बघत बसलं की मन शांत होतं. आता ज्याचं मन आधीच एवढं गप्प होतं त्याला शांत कशाला करायचं — हा प्रश्न मला आज पडतो, तेव्हा पडला नाही. टाकी इथे माझ्याकडे मांडली, म्हणजे त्या निमित्ताने घराबाहेर तरी पडतील. धनेश दर रविवारी गाडीतून आणून सोडायचा. पहिले दोन रविवार रिकाम्या काचेकडे बघत बसले. तिसऱ्या रविवारी मी टाकी कशी भरणार ते सांगत होतो — मला सवय आहे, कुणी विचारलं नाही तरी सांगायची, तुम्ही बघताच आहात — आणि एकदम म्हणाले, "खाली माती कंची घालनार?"

आठ महिन्यांनी, अहो. मी हातातलं सगळं खाली ठेवलं. म्हटलं, दादा, माती नाही घालत, खडे घालतात. तर म्हणाले, "खड्यात काय उगवंल? डाक्टर झालास पन भात कशात येतो ते इसरलास." मला डाक्टरच म्हणायचे ते. गावात कुणाला ताप आला की म्हणायचे, आमच्याकडे हाय एक डाक्टर पन त्याला सुई मारता येत न्हाय. सगळ्यांसमोर म्हणायचे. मला तेव्हा राग यायचा.

पुढच्या रविवारी मातीची गोणी घेऊन आले. तीन मजले, खांद्यावर, सत्तरीच्या माणसाने. धनेश मागून ओरडत होता, बाबा मला द्या, बाबा मला द्या. शेतावर भरावाचे ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून स्वतः फावडं घेऊन गेले होते, मधल्या खाचरातली खणली होती. इथेच ठेवली, तुम्ही बसलात तिथे. गोणीचं तोंड उघडून माती हातात घेऊन मला दाखवली, "बघ कशी लोन्यावानी हाय." दोन तास बसले त्या दिवशी. चहा मागून घेतला. कुठल्या बांधावर कुठले मासे यायचे पावसात ते सांगितलं, माझ्याकडून ऐकून घेतलं की झाडं कुठली आणायची. मी म्हटलं, ठेव दादा, धुवून-बिवून मी घालतो.

घातली नाही. कारण — कारण होतं. आमचं शेत खाडीपासून लांब नाही. माती खारी असणार, मीठ पाण्यात उतरणार, झाडं जळणार. मी तसं त्यांना बोललोही होतो. ते म्हणाले, "खारी न्हाय रं ती. बांधाच्या अल्याड खार कदी आली न्हाय. आपला बाबा त्या खाचरातलंच पानी प्यायचा." मी मान हलवली. मनात म्हटलं, यांना काय कळतंय. आणि कुजली तर? वायू धरला तर? ही शंकाही खोटी नव्हती, पुस्तकात आहे तसं. तपासता आली असती. पाच मिनिटांचं काम होतं, कॉलेजची लॅब मला काही परकी नव्हती. पण ती गोणी चार दिवस इथे होती आणि घरभर तो वास पसरला होता, ओल्या खाचराचा. अनवाणी शाळेत जायचो तेव्हा माझ्या पायांना यायचा तो. मला तो घरात नको होता — हे कुठून आलं आता? असो. मागच्या प्लॉटवर बिल्डरने भराव टाकायला घेतला होता. गुरुवारी दुपारी जाऊन तिथे ओतून आलो. दोन खेपा केल्या, एकदम उचलेना.

आणि खडे आणले. दुकानदार म्हणाला, निळे घ्या सर, उठाव येतो.

रविवारी दादा आले. चप्पल काढायच्या आधी टाकीकडे गेले. मी म्हटलं — त्यांनी अजून विचारलंही नव्हतं — मी म्हटलं, दादा, खाली तुझीच माती आहे हं, वर नुसते खडे पसरलेत. तोंडावर मी त्यांना अरेतुरेच करायचो, लहानपणापासून. तर ते वाकले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि काचेला बोट लावलं, अगदी तळाशी, आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नेलं. हळूहळू. काच आहे हो. आरपार दिसतं. निळे खडे तळापर्यंत निळेच. मी रसायनशास्त्राचा माणूस, आयुष्य काचेच्या भांड्यांत गेलं, आणि मला हे सुचलं नव्हतं.

म्हणाले, "ब्येस दिसतंय."

चहा घेतला. बिस्किट घेतलं. धनेशला हाक मारली. पुढच्या रविवारी आले नाहीत. मीच गेलो बंगल्यावर. तर सोफ्यावरून उठले, आणि म्हणाले, "या. बसा." मला वाटलं माझ्या मागे कुणी आलंय. वळून बघितलं. कुणी नव्हतं. "तुमी पानी घेनार का च्या?" म्हणाले. सख्खा मोठा भाऊ, मला कडेवर घेऊन बांधावरून फिरलेला. नाही, चिडून नाही, टोमणा नव्हता तो. सरकारी माणूस घरी आला की जसं बोलतात तसं. बोलायला मात्र लागले होते, बरं का. वहिनीशी, धनेशशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी. वहिनी मला म्हणायची, भावजी, तुमच्या माशांनी गुन दिला. दादा तीन वर्षं होते त्यानंतर. तीन वर्षं मी त्यांच्याकडे पाहुणा. डाक्टर म्हणून पुन्हा हाक मारली नाही. आजारपणात एकदा वाटलं, सांगून टाकावं. पलंगाजवळ गेलो. त्यांनी वहिनीला सांगितलं, "सायबांना खुर्ची दे."

तुम्ही उठा आता. उशीर झाला तुम्हाला. टाकी दोघांनी धरा, खालून, कडेला धरून उचलायची नाही, जोड सुटतो. पैसे राहू द्या — अहो राहू द्या, या टाकीचे मी घेतच नाही. वायरी आणि जाळी त्या पिशवीत आहेत. आधी गोणपाटात गुंडाळलेल्या होत्या, माळ्यावर. परवा तुमच्यासाठी म्हणून काढल्या तेव्हा कळलं की गोणी तीच होती, मी टाकली नव्हती, वायरी बांधायला वापरली होती. शिवणीत माती अडकलेली, वाळून कडक झालेली. टाचणीने काढली. मूठभरही नाही, चमचाभर. कॉलेजात घेऊन गेलो काल. माझी एक विद्यार्थिनी आहे तिथे आता, शिकवते, तिने लॅब उघडून दिली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळली, गाळून घेतली. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे — मीठ असेल तर दुधासारखं पांढरं होतं, शाळेतलं पोरगंही सांगेल. दोन थेंब टाकले. थांबलो. आणखी दोन टाकले. पाणी होतं तसंच राहिलं.