पिवळ्या पट्ट्याची गाडी

आधी ते टेपचं मशीन बंद करा. लिहून घ्यायचं तर घ्या, लिहिलेलं मी नंतर बघू तरी शकतो, टेपमधलं कोण कुठं वाजवील त्याचा काय भरवसा. राग मानू नका, माझा स्वभावच तसा हाय. मी शांताराम, लांज्याकडचा, हायवेपास्नं आत आमचं गाव. बाप सुतार होता. लाकूड घ्यायला गेला की आधी टिचकी मारून बघायचा, आतनं पोखरलेलं तर नाय, आणि माणसांना पण तो तसाच टिचकी मारून बघायचा, माझ्या आईच्या माहेरच्यांना तर जन्मभर मारत बसला. ते माझ्यात उतरलं. त्यात मुंबईच्या एजंटनं मला सुपरवायझरचा व्हिसा म्हणून सांगून शारजात पाठवलं आणि इथं उतरल्यावर हातात ब्लेड नि थिनरची बाटली दिली, तेव्हापास्नं ताक पण फुंकूनच पितो बगा.

आमचं दुकान इंडस्ट्रियल एरियात, मालक हमसाभाई म्हणून मलबारी. काम काय, तर जुन्या गाड्यांवरचे स्टिकर काढायचे आणि नवीन लावायचे. इथली तरणी पोरं गाडीवर ज्वाळा लावून घ्यायची, वाघ लावून घ्यायची, मंग गाडी विकायची झाली की नवा मालक म्हणणार, हा वाघ काढा, माझी मुलं मोठी झालीत. गरम हवेची गन मारायची, कोपरा सुटला की हळूहळू ओढायचं, घाई केली की निम्मा निघतो नि निम्मा राहतो. राहिलेला गोंद थिनरनं पुसायचा, घासायची पावडर मारायची, पॉलिश करायचं. पण काय सांगू तुमाला, इथल्या उन्हात सगळी गाडी फिकी पडते, फक्त स्टिकरखालचा रंग नवा राहतो. स्टिकर गेला तरी त्याची सावली जात नाय. मला तर तेच आवडायचं. विकणारा सांगायचा, घरची गाडी, एका बाईनं शाळेपुरती चालवलेली, आणि आमी स्टिकर ओढला की खाली निघायचं कुठल्यातरी ड्रायव्हिंग स्कूलचं नाव. मी म्हणायचो, बगा हमसाभाई, सगळं जग खोटं बोलतं, रंग बोलत नाय. हमसाभाई म्हणायचा, शांताराम, तू काम कर.

तर मला लायसन मिळालं. किती वेळा नापास झालो ते विचारू नका, तो टेस्टवाला मला मुद्दाम नापास करायचा असा माझा वहीम होता, अजून हाय. आणि त्याच सुमाराला आमची मंडळी नि पोरगी व्हिजिट व्हिसावर यायचं ठरलं, पहिल्यांदाच. पोरगी तिसरीत, मला तिनं सगळ्यात जास्त पाहिलेलं ते फोटोत. मी ठरवलं, एअरपोर्टवर टॅक्सीनं नाय, स्वतःच्या गाडीनं न्यायला जायचं. दोन महिन्यांपुरती, फ्लॅटात फळ्या ठोकून केलेली पार्टिशनची खोली बघितली आणि गाडीबाजारात गेलो. एक निळी गाडी मिळाली, चार हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे आपले पन्नास हजारांच्या जवळ. दोन्ही बाजूंना हा एवढा रुंद पिवळा पट्टा, पुढनं सरळ येऊन मागच्या दाराशी एकदम वर चढलेला. मी ती गाडी वरनं खालनं हुंगली, चटईखाली हात घातला, पट्ट्याच्या कडेला नख घालून बघितलं. दलाल म्हणाला, हबीबी, म्हाताऱ्या माणसाची गाडी, कधी शारजाच्या बाहेर नाय गेली. म्हाताऱ्याला पिवळा पट्टा कशाला लागतो? पण मला घाई होती, घेतली.

दुकानात नेऊन पट्टा काढला. खाली सावली गडद निळी, बाकीची गाडी धुऊन विटलेल्या लुंगीसारखी. पावडर मारून हात दुखले, सावली काय हटेना. अशा वेळी आमच्या धंद्यात एकच उपाय, जुन्याच आकारावर नवीन पट्टा चढवायचा, दोन्ही अंगांनी बोटभर जास्त, म्हणजे खालचं सगळं झाकतं. मी छान राखाडी पट्टा कापला, तसाच मागच्या दाराशी वर चढवलेला. गाडी एकदम साहेबाची दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोल्ल्यातनं, म्हणजे शारजातला आपल्या लोकांचा मोहल्ला, तिथनं कामावर निघालो, तर भांड्यांच्या दुकानासमोर एक माणूस उभा, त्यानं गाडी बघितली नि हात वर केला. मी जवळ आलो, त्यानं माझं तोंड बघितलं नि हात खाली घेतला. मला वाटलं असेल काय तरी. एक दिवस सोडून परत, या खेपेला एक बाई नि एक माणूस. गाडी बघून हात वर, तोंड बघून हात खाली. मंग माझं डोकं फिरलं. हे कोण, माझ्या गाडीला ओळखतात नि मला ओळखत नाय? शारजात दारू बंद, ती बाजूच्या अमिरातीतनं चोरून येते, हे तर सगळ्यांना ठाऊक. म्हटलं झालं, बाटल्यांची गाडी गळ्यात पडली. गिऱ्हाईकं उभी राहतात नि पोचवणारा बदलला म्हणून घाबरतात.

जुम्म्याच्या दिवशी सगळी गाडी खोलली. स्टेपनी काढली, मागची सीट उचलली, दारांची आतली कव्हरं काढली. बाटली नाय मिळाली. सीटच्या फटीत काय मिळालं सांगू, सुईवर असते ती प्लास्टिकची टोपी. एक नाय, चार-पाच, आणि कापसाचा बोळा, त्याला सुकलेलं रक्त. म्हटलं, दारू परवडली, ह्या असल्या नशेच्या भानगडीत इथं माणूस आत गेला की त्याचं तोंड परत कोण बघत नाय. आणि आठवड्यावर मंडळी नि पोरगी येणार, ह्याच सीटवर बसणार. मी त्या टोप्या लांब जाऊन कचऱ्यात टाकल्या, चार वेळा मागं वळून बघितलं. गाडी विकायची ठरवली. त्या उघडझापीत मागच्या एका दाराचं लॉक मोडलं ते मोडलंच, परत बसेना.

तेच लॉक नडलं. शनिवारी सकाळी रोल्ल्याच्या सिग्नलला थांबलो, आणि मागचं दार उघडलं, ती बाई नि तो माणूस सरळ आत. मी ओरडलो, कोण तुमी, उतरा, पोलिसांना बोलवीन. बाई काय घाबरली नाय. म्हणाली, भाऊ, ओरडू नका, सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारतायत, आज टॅक्सी मिळेना, ह्यांची वेळ टळली तर मशीन दुसऱ्याला देतात. मराठीच, आपली कोकणातली. खेडची सायराबाई, आणि तिचा नवरा दाऊदभाई, टेलर होता. आरशात बघितलं, त्यानं बाही वर केली होती आणि हातावर ही मोठी शीर फुगलेली, सुयांच्या खुणा. दोन्ही किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड इस्पितळात रक्त साफ करायला जायचं. ती म्हणाली, परकारचाचा कुठं हायत, सुट्टीला म्हणून गेले त्याला दोन महिने झाले, आता गाडी दिसते नि चाचा दिसत नायत.

परकारचाचाचं किराणाचं दुकान होतं, आणि दुकान उघडायच्या आधी तो अशा लोकांना रोल्ल्यातनं उचलून इस्पितळात सोडायचा. त्यातले काही गाडीतच साखरेच्या आजाराची सुई टोचून घ्यायचे, मला मिळालेल्या टोप्या त्याच. पिवळा पट्टा त्यानं त्यासाठीच लावून घेतलेला, आजारी माणसाला लांबनं दिसायला. मी म्हटलं, पैसे किती घ्यायचा? ती म्हणाली, एक पैसा नाय. मला खरं नाय वाटलं. फुकट कोण कोणाला गाडीत घालतो? शिवाय प्रायव्हेट गाडीत पाशिंजर घेतला तर पोलीस धरतात. मी तसं म्हटलं, तर बाई म्हणते, त्याचं आमाला चाचांनी शिकवून ठेवलंय, पोलिसानं विचारलं तर मेव्हणे म्हणून सांगायचं. मंग माझं नाव विचारलं, मी म्हटलं शांताराम. म्हणाली, मेव्हणे नाय चालायचं, गाववाले सांगू.

इस्पितळाच्या दारात गाडी लावली तर आतनं एक मलबारी सिस्टर धावत आली, खिडकीत वाकली, माझं तोंड बघून थबकली. मंग तिनंच सांगितलं. चाचा सुट्टीला गावी गेला होता, तिकडंच झोपेत गेला, मुलगा आला, दुकान नि गाडी विकून गेला. सायराबाई तिथंच पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून. दाऊदभाईनं गाडीच्या पट्ट्यावर आपला दुसरा, बरा हात फिरवला, मागच्या दारापर्यंत, जिथं तो वर चढतो तिथपर्यंत. मला विचारलं, खाली पिवळा हाय अजून? मी म्हटलं नाय, काढला. तो म्हणाला, कशाला काढलास? म्हटलं, माझा धंदाच तो.

त्यानंतर मी रस्ता बदलला. खोटं कशाला सांगू, माझा विश्वास बसत नव्हता. चाचाच्या दुकानाच्या शेजारी जाऊन चौकशी केली, न्हाव्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. एकानं वाकडा शब्द काढला नाय, तेव्हा तर माझा संशय जास्तच वाढला, कारण ज्याच्याबद्दल कोणच वाईट बोलत नाय असा माणूस मी अख्ख्या लांज्यात बघितला नाय. मुद्दाम एक दिवस जुन्या रस्त्यानं गेलो, म्हटलं बघू तरी, आता कोणाच्या गळ्यात पडलेत. दोघं उभी होती. माझं तोंड बघितलं, आणि त्या दिवशी दाऊदभाईनं हात खाली घेतला नाय. थांबलो मंग. काय करणार?

मंडळी आली. एअरपोर्टवर पोरगी लाजून आईच्या मागं लपली, गाडी बघून मात्र बाहेर आली. आणि गाडीत बसल्या बसल्या मंडळीला मागच्या सीटवर काय मिळावं, तर बाईची केसातली पिन. खोलीवर येईपर्यंत ती पिन मुठीत धरून बसली. रात्री पिन माझ्यासमोर ठेवली नि म्हणाली, ही कोण? मी किडनी सांगितली, मशीन सांगितलं, चाचा सांगितला, आणि सांगताना माझं मलाच कळत होतं की हे किती खोटं वाटतंय. ती म्हणाली, फुकट? तुमी? मंग सकाळी चला म्हटलं, डोळ्यांनी बघा.

आली. पोरीला मांडीवर घेऊन सायराबाईच्या बाजूला बसली, पहिला सिग्नल येईपर्यंत दोघी गप्प, दुसऱ्या सिग्नलला बांगड्याच्या भावावर आल्या, इस्पितळ आलं तेव्हा दोघी रडत होत्या, का ते मला अजून सांगितलेलं नाय. त्याच दिवशी पोलिसानं अडवलं. हे कोण म्हणून विचारलं, मी म्हटलं गाववाले, मंडळी मागनं म्हणाली माझी बहीण, सायराबाई म्हणाली माझा भाऊ. एकाच गाडीत तीन नाती, मी म्हटलं मेलो आता, व्हिसा खलास, पोरगी मांडीवरच बसलीय. पोलिसानं दाऊदभाईचा हात बघितला. यल्ला म्हणाला, जा.

परत येताना मंडळी म्हणाली, ही कसली राख फासलीय गाडीला, लांबनं कोणाला दिसायची? तो मेलेला माणूस शहाणा होता. जुम्म्याला दुकानात जाऊन स्वतःच्या हातानं लावलेला पट्टा स्वतःच ओढून काढला आणि पिवळा चढवला. हमसाभाई म्हणाला, शांताराम, लोक जुनं काढून नवीन लावतात, तू नवीन काढून जुनं लावतोस.

आता त्याला बरीच वर्षं झाली. पोरगी कॉलेजात जाते गावी. दाऊदभाई गेल्या रमझानात गेला, सायराबाई खेडला गेली, जाताना माझ्या मंडळीसाठी पिनांचं पाकीट देऊन गेली. त्यांच्या जागी दुसरे उभे राहतात, एक नेपाळी हाय, एक केरळची म्हातारी हाय. म्हातारी खरोखर आजारी हाय की इस्पितळाजवळच्या लेकीकडं फुकटात जाते, त्याची मला शंका हाय, लक्ष ठेवून हाय मी. गाडी आता साफ फिकी पडलीय, इंजिन खोकतं, पट्टा तेवढा नवा घालतो मी दर वर्षी.

लिहिलंत सगळं? दाखवा बघू. बरं असू दे. देव करो नि तुमच्यावर कधी त्या मशीनवर पडायची पाळी न येवो, तुमाला उदंड आयुष्य मिळो. पण आलीच पाळी, तर सकाळी साडेसहाला रोल्ल्यात भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहा. पिवळा पट्टा दिसला की हात वर करा, आणि माझं तोंड बघून खाली घेऊ नका.