सोबतीसाठी घेतलेली अकरावी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. दहावी झालेल्या पोरीनं पुढं अकरावीला बसायचं, डिप्लोमा करायचा की आयटीआयला जायचं, हे ठरवायचं कशावरून? तिच्या डोक्यावरून? आवडीवरून? की कुठल्या एसटीत शेजारची पोरगी बसते त्याच्यावरून?

हसू नका! मागं बसलेल्या बायका तर मुळीच हसू नका. तुमच्याच घरातली गोष्ट आहे.

ऐका. दशरथ वाकचौरे नावाचा एक भला माणूस. त्याची लेक समीक्षा. गावात देवळाचा सभामंडप बांधत होते, तेव्हा ही शाळा सुटली की तिथं हजर! मिस्त्रीचा ओळंबा धरायची, भिंत सरळ आहे का बघायची. गणितात बरी. दहावीला सत्तर टक्के पडले. शाळेतले गायकवाड सर घरी आले, म्हणाले, "दशरथराव, हिला बांधकामाच्या डिप्लोमाला घाला. दहावीवर तीन वर्षं. पुढं वाटलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं."

दशरथ म्हणाला, "सर, तंत्रनिकेतन धरणाच्या बाजूला. त्या बसला आपल्या गावची एक पोरगी नाही. एकटी कशी धाडू?"

"मग?"

"शेजारची दिव्या तालुक्याला अकरावी सायन्सला चाललीय. दोघी एका बसनं जातील, एका बसनं येतील. आणि अकरावी-बारावी म्हणजे मोठं शिक्षण. डिप्लोमा छोटा पडतो."

आता बघा! शिक्षण म्हणजे काय लुगडं आहे, लांबी मोजून घ्यायला? मी चौथी शिकलेली बाई, पण मलाही कळतं – आपल्या अंगाला बसतं ते आपलं.

समीक्षा म्हणाली, "अप्पा, मला नाही जायचं सायन्सला."

"तुला काय कळतंय? दिव्या आहे ना सोबत!"

दिव्याला व्हायचं होतं डॉक्टर. तिनं गणित सोडून जीवशास्त्र घेतलं. दोघींचे तास एका वेळी सुटले पाहिजेत, म्हणून हिनंही गणित सोडलं! ओळंबा धरणारी पोर, आणि वहीत काढतेय काय, तर झुरळाचं पोट! घरात झुरळ दिसलं की आपण चपलेनं मारतो, मंडळी. हिनं त्याला रंग भरले! चाचणीत दोन विषय गेले. पोर जेवताना बोलेना. आई म्हणाली, "वय आहे, होतं असं."

दिवाळी झाली. आणि दिव्याच्या बापानं काय केलं? पोरीला उचललं, शहरातल्या क्लासला घातलं, तिथंच होस्टेलला ठेवलं! त्यानं काय सोबतीचा ठेका घेतला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर समीक्षा एकटी. दशरथ सोडायला आलेला.

"अप्पा, दिव्या गेली."

"मग काय झालं? तू जा की. एवढी मोठी झालीस. बसमध्ये सगळी आपलीच माणसं."

पोरगी बापाकडं वळली. म्हणाली, "त्या धरणाकडच्या बसमध्ये जूनला कोण होते, अप्पा? परके?"

बस आली. कंडक्टर ओरडला, "चढताय का?" समीक्षा हलली नाही. त्यानं घंटी मारली, बस गेली.

दशरथ तसाच धरणाच्या बाजूला गेला. तंत्रनिकेतनातले लोक म्हणाले, "प्रवेश कधीच संपले, पाहुणे. आता जूनमध्ये या." पोरीचं वर्ष गेलं, मंडळी. घरी बसली. भावकी विचारायची, "नापास झाली काय?" दशरथ सांगायचा, "नाही. मीच तिला नको त्या बसमध्ये बसवली." एवढं बोलायला धारिष्ट लागतं, हां!

गेल्या जूनला गेली ती डिप्लोमाला. एकटी. पहिल्याच आठवड्यात पुढच्या गावच्या दोघी तिच्या शेजारी बसायला लागल्या. पण गेलेलं वर्ष? ते कोण आणून देणार – दिव्या?

आता तुमचं सांगते. आठवड्याभरात निकाल आहे. पेढे वाटा, फोटो काढा. पण 'त्यांची कुठं चालली?' म्हणून शेजारच्या दारात पळू नका. आपल्या लेकराला समोर बसवा, 'तुला काय जमतं, काय आवडतं?' विचारा, आणि ते बोलेपर्यंत तोंड मिटून ठेवा. देवापुढं बसता ना, तसं!

चला, आता पांडुरंगाला हाक मारा. पण ज्याची त्यानं, स्वतःच्या मनानं – शेजारी ओरडतोय म्हणून नको!