वाटीभर पेट्रोल आणि मुकादमाची खिंड

सरका जरा विस्तवाकडं, आणि ऐका. ज्याला घरी जायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. गोष्ट अर्ध्यावर आली की मग एकट्यानं अंधारात जायची कुणाची छाती होत नाही, आणि सोडायला मी येणार नाही.

घोडदऱ्याचा लहानू गभाले रात्री फटफटीवर निघाला. एकटा नाही. पाठीशी त्याची पोर सगुणा, सात-आठ वर्षांची, लुगड्यानं बांधलेली. पोरीनं चुलीसाठी सरपण काढायला ढिगात हात घातला आणि इंगळीनं डंख मारला. साधा विंचू नव्हे. इंगळी! आधी पोर ओरडली, मग ओकली, मग अंगाला गार घाम सुटला, आणि मग ती गप्प झाली. ओरडणाऱ्या पोराची भीती नसते. गप्प झालं की समजावं, रात्र काढता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावात दवाखाना नव्हता का? होता की! पांढरा रंग, दारावर पाटी, उद्घाटनाला हारतुरे, भाषणं, सगळं झालं होतं. डॉक्टर मात्र तालुक्याला राहायचा आणि बाजाराच्या दिवशी उगवायचा. बाकीचे दिवस ड्यूटीवर कोण? कुलूप. लहानूनं आधी तेच हलवून पाहिलं. कुलूप मजबूत होतं. सरकारी कामात निदान कुलूप तरी चांगलं बसवतात.

घरी येऊन त्यानं फटफटी बाहेर काढली. बायकोनं, हौसानं, लुगडं पोरीभोवती घेतलं, नवऱ्याच्या छातीभोवती घेतलं आणि गवताचा भारा आवळतात तशी गाठ मारली. म्हणाली, "कुठं थांबू नका."

तालुक्याला जायला दोन रस्ते. एक धरणाला वळसा घालून जाणारा, त्यानं गेलं तर उजाडायचं. दुसरा खिंडीतला, निम्म्याहून कमी. आणि त्या खिंडीत मुकादम.

मुकादम कोण, ते सांगतो. खिंड फोडून रस्ता केला तेव्हा सुरुंगावर एक मुकादम होता. सगळे लांब पळाले का ते बघायला तो मागं राहिला, आणि वात लवकर पेटली. ठेकेदारानं काय केलं? दोन दिवस काम बंद ठेवलं, मग रस्ता पुरा केला, बिल उचललं, आणि पायथ्याला दगड बसवला. दगडावर पुढाऱ्याचं नाव, ठेकेदाराचं नाव. मुकादमाचं नाव शोधून दाखवा. तेव्हापासून अंधार पडला की खालच्या ओढ्यापासून वरच्या माथ्यापर्यंत त्याचा अंमल. माथ्यावर जिथं पाणी पलीकडं वाहायला लागतं, तिथं तो संपतो. आता मला सांगा, दाद मागायची तर ठेकेदाराच्या बंगल्यावर जावं की नाही? पण नाही. ठेकेदाराची जीप त्या खिंडीत कधी बंद पडल्याचं ऐकलंय कुणी? भुतंसुद्धा गरिबाचीच गाडी अडवतात.

आणि लहानूची गाडी अडवायला भूत कशाला हवं होतं! ती स्वतःच रुसायची. पेट्रोलचा कॉक म्हणजे टाकीखालचा तोटीचा खटका. त्यावरची अक्षरं कधीच पुसून गेली होती. पूर्ण उघडला तर पेट्रोल येत नसे, जरा तिरपा धरला की येई. खाली कार्बोरेटर. त्यात पेट्रोल साठायची वाटी असते, आणि वाटी भरली की पेट्रोल थांबवायला आत एक तरंगता फ्लोट. तो फ्लोट मनात येईल तेव्हा अडकायचा, की पेट्रोल वाटीबाहेर. रात्रभर कॉक उघडा राहिला तर सकाळी अंगणात थारोळं. गावातल्या सगळ्याच फटफट्यांचं हेच, म्हणून घोडदऱ्यात एक रीत पडली होती. फटफटीवाला कुणीही असो, गावाबाहेरच्या पिंपळाशी आला की चालत्या गाडीवर वाकून कॉक बंद करायचा. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी घरापर्यंत यायची आणि दारात आपोआप विझायची. वाटी कोरडी, गळायला काही शिल्लक नाही. परगावची माणसं हसायची. हसू द्या.

तर लहानू ओढा ओलांडून चढाला लागला. पहिलं वळण घेतलं आणि इंजिन खोकलं. फट, फट, आणि गप्प. दिवा इंजिनावरचा, तोही गेला. चाचपून पाहतो तर कॉक बंद. गुडघा लागला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. कॉक तिरपा केला, किक मारली, निघाला.

दुसरं वळण. पुन्हा गप्प. पुन्हा कॉक बंद. या वेळी गुडघा लागला नव्हता. लहानूनं मनाला काही सांगितलं नाही. पाठीवर पोरीचं कपाळ टेकलेलं, शर्ट ओलागार. त्यानं डावा गुडघा कॉकवर दाबून धरला आणि तसाच निघाला.

आता ऐका. तिसऱ्या वळणावर कॉक बंद झाला नाही. उलटंच झालं. फ्लोट अडकला आणि पेट्रोल उतू चाललं. तापलेल्या इंजिनावर टपटप, पँटवर टपटप, नाकात भपकारा. इंजिन गुदमरलं आणि थांबलं. एरवी लहानू पान्याच्या दांड्यानं वाटीवर दोन टोले हाणायचा, की फ्लोट सुटायचा. पान्याला हात घातला, तोच रस्त्याच्या कडेनं कुणी तरी अगदी मायेनं म्हणालं, "पाव्हणं, काडी हाय का? विडी शिलगवायची व्हती."

आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? रानात वाटसरूनं काडी मागितली तर नाही म्हणत नाहीत. दुश्मनालाही देतात. लहानूचा हात आपोआप खिशात गेला. काडेपेटी बाहेर आली. समोर चांदण्यात डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस, मिशांवर दगडाची पांढरी भुकटी, आणि काडेपेटी घ्यायला पुढं केलेला हात. तो हात मनगटाशीच संपत होता.

लहानूची जीभ टाळ्याला चिकटली. ते बरंच झालं. ओ दिली असती तर संपलं होतं. खाली पेट्रोल, पाठीला पोर, आणि याला हवी काडी! त्यानं काडेपेटी जीव खाऊन दरीत भिरकावली. पान्याचा नाद सोडला. गुदमरलेल्या इंजिनाला पेट्रोल नको असतं, हवा लागते. त्यानं मूठ पूर्ण पिळली आणि किकवर उभा राहिला. एक. दुसरी. आणखी एक. आणि भडाम! काळा धूर ओकत फटफटी सुरू झाली.

मागून तोच मायेचा आवाज आला, "बरं, मंग मी बसतो मागं."

गाडी मागं बसली. अशी बसली की स्प्रिंगा कुरकुरल्या, पुढचं चाक हलकं झालं. चढावर पहिल्या गिअरमध्ये ती मुंगीसारखी सरकायला लागली. आणि इतका वेळ गप्प असलेली सगू कानाशी बोलली.

"दादा, माझ्या मागं कोण बसलंय?"

बापाला दादा म्हणायची ती. लहानूनं पुढंच बघत सांगितलं, "कुणी न्हाई बाळा. वारा हाय. तू मला धर."

तेवढ्यात त्याच्या गुडघ्याखालून काहीतरी गार सरकलं, आणि कट्! कॉक बंद. लहानूनं डावा हात खाली घातला. खटका बर्फासारखा. हलेना. तिरपा होईना, सरळ होईना. जणू कुणी वितळवून जोडला होता. मागं कुणीतरी खुदकन हसलं. मुकादमाला वाटलं, झालं. आता वळणावर गाडी विझेल, माणूस उतरेल, उतरला की माझा.

पण लहानू कुठला? घोडदऱ्याचा. बंद कॉकवर गाडी चालवणं हे तर त्याचं रोजचं! पिंपळापासून दारापर्यंत वाटीभर पेट्रोल किती पुरतं ते त्याच्या बुडाला ठाऊक होतं. माथा त्याहून लांब होता, हे खरं. पण जरा आठवा, त्या रात्री वाटी कशी होती? फ्लोट अडकलेला, वाटी काठोकाठ! रोजच्यापेक्षा जास्त. मुकादमानंच त्याला वाढून दिलं होतं, आणि वर कॉक बंद करून गळतीही थांबवली होती. लहानूनं हात वर घेतला, मूठ जेमतेम धरली, ना जास्त ना कमी, आणि गाडी चढवत राहिला.

एक वळण गेलं. हसणं थांबलं. आणखी एक वळण गेलं.

आणि मग, ऐका बरं का, पाठ एकदम हलकी झाली. घाम नाही, कपाळ नाही, वजन नाही. मागं रस्त्यावरून, लांबून, सगूचा रडका आवाज आला.

"दादा, मी पडले. थांबा ना, दादा."

तुम्ही थांबला नसता? खरं सांगा. लहानूचा हात ब्रेकवर गेला होता. पण दुसरा हात त्यानं छातीवर नेला. गाठ होती. तशीच, हाडाला रुतलेली. हौसाची गाठ आहे तोवर पोर कुठं जाणार? पाठ खोटं सांगत होती, कान खोटं सांगत होते. त्यानं दात आवळले आणि ब्रेक सोडला. मागं ते लेकरू हंबरडे फोडत राहिलं, आणि हा बाप रडत रडत गाडी चालवत राहिला.

माथा दिसला. आणि त्याच वेळी इंजिनाचा आवाज चढला. जुन्या गाडीवाल्यांना माहीत आहे, वाटी आटत आली की विझायच्या आधी इंजिन क्षणभर उगाचच पळतं. तेवढाच क्षण. लहानू त्याचीच वाट बघत होता. त्यानं मूठ पिळली, फटफटी बोंबलली, उसळली, माथ्यावर चढली. आणि विझली.

विझली, पण पुढचं चाक पलीकडं होतं! गाडी सरकली, उताराला लागली, आणि मागच्या स्प्रिंगा खाडकन वर आल्या, पोतं फेकल्यासारख्या. पाठीवर पुन्हा ओला शर्ट. पुन्हा कपाळ. पुन्हा सगूचा श्वास, उथळ, पण चाललेला. मागं माथ्यावर कुणीतरी दगड आपटत होतं. आपट म्हणावं!

कॉकला हात लावला तर लोण्यासारखा फिरला. उतारावर गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन बोललं, दिवा लागला, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत त्या फटफटीनं एकदा खोकून दाखवलं नाही.

तिथं कोण झोपलं होतं? घोडदऱ्याचाच डॉक्टर. लहानूनं त्याचं दार असं बडवलं की अख्खी वसाहत जागी झाली. म्हणाला, "साहेब, तुमच्या कुलपाला भेटून आलो. आता तुम्ही चला." डॉक्टर अनवाणी धावला. ते बाकी मानलं पाहिजे, रात्रभर पोरीच्या उशाशी बसला. उजाडता उजाडता सगूनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि चहाबरोबर खारी मागितली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, पोरीला पुढं टाकीवर बसवून, हॉर्न वाजवत लहानू खिंडीतून घरी आला. गाव पिंपळापर्यंत सामोरं गेलं होतं. हौसानं आधी गाठीचे वळ बघितले, मग पोर घेतली.

पण म्हणून तुम्ही तिकडं जाऊ नका. सांगून ठेवतो, अंधार पडल्यावर त्या खिंडीचं नाव काढायचं नाही, धरणाकडून जा, उशीर होऊ द्या. उद्या कुणी छाती काढून म्हणेल, लहानू पार झाला मग मी का नाही? त्याला एवढंच विचारा, बाबा रे, लहानूच्या पाठीला पोर बांधलेली होती. तुझ्या पाठीला काय बांधलंय?