उजेडाचं गणित

रंगाच्या दुकानातली रांग हलत नव्हती. एक घड्याळजी वार्निशच्या डबीसाठी उभा होता आणि पुढच्या सासू-सुनेचं बोलणं आपसूक त्याच्या कानावर पडत होतं.

“गडद निळाच घेऊ गं. मळ दिसत नाही.”

“आई, तुमच्या खोलीतल्या उजेडाचं मी गणित मांडलंय. उजेड भिंतींवर आपटत राहतो. पांढरी भिंत बहुतेक सगळा परत देते, गडद निळी गिळून टाकते. त्याच दिव्याचा उजेड पांढऱ्या खोलीत आठ-नऊपट साठतो.”

“साठून साठून किती?”

“एका क्षणाला खोलीत असतो त्या सगळ्या उजेडाची ताकद मिळून मुंगीला बोटभर उचलायलाही पुरणार नाही.”

“अगंबाई! मग एवढा आटापिटा कशाला?”

“सुईत दोरा ओवायला पुरतो.”

सासूबाई हळूच म्हणाल्या,

“शिवणाचा कंटाळा आला म्हणून सोडलं मी.”

“परवा खिडकीशी सुई धरून उभ्या होतात. बराच वेळ.”

“कुणाला बोललीस?”

“छे! नुसतं गणित केलं.”

रांग सरकली.

“अहो दुकानदार, पांढरा द्या. भिंतींना, छताला लावून उरेल एवढा. उरलेला हिच्या खोलीला लावू. दिवसभर गणितं करत बसते, हिलाही डोळे आहेत.”