दाराबाहेरची प्रार्थना

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बोलत होते.

"आजोबा, अगदी शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाटतंय."

"तुला कुठली गं प्रार्थना? आपला धर्म वेगळा, म्हणून बाईंनी सूट दिलीय ना तुला?"

"हो. मी व्हरांड्यात थांबते. दार लावून घेतात."

"एकटीच?"

"एकटीच. आतला आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. मग मी डोळे मिटते, आणि व्हरांडा हळूहळू तरंगायला लागतो."

"उद्या येतोच मी शाळेत. म्हणावं, देवाचं ज्याचं त्याने घरी बघावं. शाळेत सगळ्यांना एकत्र बसवून शिकवा."

"नको ना, आजोबा. बाई चांगल्या आहेत. मला बसायला खुर्ची देतात."

"खुर्ची दिली की झालं वाटतं! आत म्हणतात तरी काय एवढं?"

"देवा, आम्हा सगळ्या लेकरांना एकत्र ठेव. मला पाठ आहे. मीपण म्हणते, बाहेरून."

थोड्या वेळाने नर्सचा आवाज आला.

"आजोबा, औषध सगळं वाहून गेलं की हो तुमचं. परत घालावं लागेल."