भिंतीवरचा पैलवान

हसा, पण तेव्हा माझं लग्न मोडत होतं. निजामाच्या राज्यातली, राजूरची गोष्ट. वडिलांना वाचता येई ते फक्त आमचं आडनाव. रद्दीच्या वर्तमानपत्रात कुठेही 'पवार' दिसला की त्याचं कात्रण भिंतीवर चिकटे.

मुलीवालेही पवारच, पण देवक वेगळं, म्हणजे भावकी नव्हे, म्हणून बोलणी चालली होती. मुलीच्या बापाने भिंतीवरच्या एका कात्रणात पैलवानाचा फोटो पाहिला.

"हा कोण?"

"आमच्या भावकीतला!"

"हा माझा सख्खा भाऊ. मंग आमची पोरगी तुमच्या पोराची बहीणच की! उठतो आम्ही."

"बसा, पाव्हणं!" वडिलांनी कात्रण उपटून खिशात घातलं. "हा आमचा कोणीच न्हाई."

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी पैलवान पुन्हा भिंतीवर.

"आता बराबर," वडील म्हणाले. "व्याह्याचा भाऊ हाय."